दहा मिनिटांनी दम तोडणारं इंजिन: देवबागच्या एका होडीचं प्रकरण

तक्रार अशी होती. इंजिन दुसऱ्या ओढीत सुरू होतं आणि खाडीत हळू चालवलं तर तासभर कुरकुरत नाही. पूर्ण रेस देऊन बाहेर निघालं की आठ-दहा मिनिटांत आवाज जड होतो, वेग उतरतो आणि इंजिन दम तोडतं. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्यासारखं सुरू होतं, आणि मग पुन्हा तेच.

होडी फायबरची. काका आणि पुतण्या मिळून तिच्यावर जाळं मारतात. मागच्या फळीला १५ हॉर्सपॉवरचं जपानी बनावटीचं आउटबोर्ड आहे: टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, दोरी ओढून सुरू करायचं. असली इंजिनं आता जुनाट समजली जातात, पण मालवणच्या किनाऱ्यावर त्यांचा मान टिकून आहे. वजन चाळीस किलोच्या आतबाहेर, त्यामुळे संध्याकाळी एकटा माणूस खांद्यावर टाकून घरी नेतो. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नाशीला जातं आणि दोन माणसं मागतं. शिवाय यात उघडून बघता येणार नाही असं फार थोडं आहे.

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, तिथे वाळू साठते आणि ओहोटीच्या ओढीला समोरून लाट भेटली की पाणी फुटतं. तिथे इंजिन बंद पडलं तर होडी लाटेला आडवी होते. त्यामुळे ‘थोडं थांबलं की सुरू होतं’ या वाक्यात दिलासा काहीच नव्हता. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपली होती, नारळी पौर्णिमा झाली होती, बाकीच्या होड्या बाहेर जात होत्या आणि ही दारात उलटी पडली होती.

मेकॅनिकनं दोन्ही प्लग बदलले होते आणि कार्ब्युरेटर साफ केला होता. फरक पडला नाही, तेव्हा त्याचा निकाल आला, “सीडीआय गेलो आसतलो.” हा निकाल मूर्खपणाचा नव्हता. ठिणगीची वेळ सांभाळणारी ती काळी डबी किंवा तिच्याजवळची कॉइल तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखी वागते, हे खरंच घडतं. अडचण एवढीच की डबीची किंमत इंजिनातल्या इतर कुठल्याही किरकोळ भागाच्या कित्येक पट असते आणि एकदा लावून बघितलेला इलेक्ट्रिकचा भाग दुकानदार परत घेत नाही. पुतण्यानं ती मागवण्याआधी मला विचारलं. दोन पावसाळे त्याच्याबरोबर इंजिनं खोलण्यात गेलेले, म्हणून तो विचारतो.

एकच लक्षण, तीन संशयित

विश्रांती दिली की बरं होणारं इंजिन तीन वेगवेगळ्या आजारांत सापडतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिला आजार इंधनाचा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला किंवा टाकीतली जाळी तुंबली, तर पंप पेट्रोल ओढत राहतो आणि टाकीत पोकळी तयार होते. शेवटी पेट्रोल येईनासं होतं. थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते आणि पुन्हा दहा मिनिटांची बेगमी होते. दुसरा आजार ठिणगीचा, तो वर आला. तिसरा उष्णतेचा: थंड करणारं पाणी कमी पडतं, पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासू लागतो, इंजिन स्वतःच स्वतःला धरून ठेवतं. निवल्यावर सुटतं.

किनाऱ्यावर आणून इंजिन तपासायला घेतलं की तिन्ही पुरावे नाहीसे झालेले असतात. टाकीत हवा भरलेली, डबी थंड, पिस्टन सुटलेला. म्हणून मेकॅनिकला काही सापडत नाही आणि तो अंदाजावर जातो. तपासायचा क्षण एकच, इंजिन मरत असतानाचा, आणि त्या वेळी तिघांना तीन ठिकाणी हात ठेवावा लागतो.

त्यासाठी समुद्रात जायची गरज नव्हती. इंजिनाला भार पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा असतो, समुद्राचा नसतो. भरतीच्या वेळी कर्लीत वरच्या अंगाला निघालो. शेजाऱ्याची होडी दोर घेऊन मागे होती. काका हँडलवर. पुतण्याचा हात इंधनाच्या नळीतल्या रबरी बल्बवर. मी वरच्या प्लगच्या वायरीत स्पार्क टेस्टर लावून बसलेला. हा टेस्टर म्हणजे प्लग आणि वायर यांच्यामध्ये बसणारा छोटा दिवा, ठिणगी गेली की लुकलुकतो. प्लग काढून ब्लॉकला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय होडीत नको. खाली पेट्रोलची टाकी असते.

इंजिन जड होऊ लागलं. पुतण्यानं बल्ब दाबला.

“काकानू, ह्यो घट्ट आसा. दाबून पण काय फरक नाय.”

याचा अर्थ मोठा आहे. बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असता तर टाकीकडची बाजू तुंबलेली. बल्ब मऊ पडून दाबल्यावर इंजिन उचललं असतं तर पंपाचा पडदा किंवा कुठेतरी हवा घेणारा जोड. घट्ट बल्ब आणि फरक शून्य, म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचत होतं. माझा दिवा शेवटच्या फेऱ्यापर्यंत एकसारखा लुकलुकत होता. ठिणगी जिवंत, सीडीआय निर्दोष.

राहिलं पाणी. आउटबोर्डच्या मागे पाण्याची एक बारीक धार सतत सुटत असते, ती बघून लोक ‘पाणी येता’ म्हणतात आणि निश्चिंत होतात. इथेही धार होती, म्हणूनच उष्णतेचा संशय आजवर कुणी घेतला नव्हता. पण रेस वाढवली तशी ती जोरात व्हायला हवी होती, ती होती तेवढीच राहिली. इंजिन मरताना मी धारेखाली बोट धरलं आणि लगेच काढलं. थांबल्यावर हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, पाण्याचे दोन थेंब शिंपडले, ते तडतडून उडाले. दोरी ओढायला जड लागत होती. असं तापलेलं इंजिन तसंच सोडून द्यायचं. वरून गार पाणी ओतलं तर ॲल्युमिनियम वेडंवाकडं आकसतं आणि हेडची गॅस्केट जाते.

मेकॅनिकच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. या इंजिनाला तापल्याची सूचना देणारा भोंगा नाही. मोठ्या इंजिनांना असतो.

खालची बाजू: पाण्याचा पंप

घरी आणून इंजिन स्टँडला लावलं. पहिलं काम दोन्ही प्लगच्या वायरी काढून बाजूला ठेवणं. हातानं पंखा फिरवताना इंजिनानं एक झटका मारला तरी बोटं जातात.

धार ज्या अर्थी मिळत होती आणि हळू चालवताना इंजिन तापत नव्हतं, त्या अर्थी मुख्य दोष वर, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर उघडून पाण्याला वाट देणाऱ्या झडपेच्या) बाजूला असण्याचा संभव जास्त होता. पंप झिजला की सहसा आधी मंद गतीतच रडगाणं सुरू होतं. तरीही आम्ही खालून सुरुवात केली. कारण थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट मिठानं पांढरे पडले होते आणि त्यांना हात लावणं म्हणजे धोका पत्करणं होतं. पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, किती वर्षं बदलला नव्हता ते तर काकांनाही आठवेना.

गिअर बदलणारी दांडी जोडापाशी सोडवली, खालच्या पायाचे (पंखा आणि गिअर असलेल्या भागाचे) बोल्ट काढले, पाय सरळ खाली ओढला. पंपाचं घर उघडल्यावर इंपेलर दिसला. पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच ताठ झालेल्या, टोकं वाळूनं घासलेली. पावसाळाभर इंजिन न फिरवता ठेवलं की रबर ज्या वळणात असतं त्याच वळणात मरतं. घराच्या आतल्या स्टीलच्या वाटीवर आणि खालच्या पत्र्यावर नखाला लागतील अशा गोल रेघा होत्या. मुखाशी उथळ पाण्यात पंखा वाळू उडवतो, तीच पंपात जाते. नुसता इंपेलर बदलून भागलं नसतं. वाटी, पत्रा, गॅस्केट आणि इंपेलर शाफ्टवर अडकवणारी चावी असा पूर्ण संच गोव्याहून मागवला.

जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजून घेतल्या. एखादी तुटलेली असती तर तिचा तुकडा वर नळीत जाऊन बसलेला असता आणि नवा पंप लावूनही पाणी अडलं असतं. सगळ्या जागेवर होत्या.

बसवताना तीन गोष्टी पुतण्याकडून दोनदा करून घेतल्या. घर खाली बसवताना उभा शाफ्ट वरून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेनं फिरवत राहायचं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला दुमडतात. रबराला साबणाचं पाणी लावायचं, कोरडा इंपेलर पहिल्या मिनिटातच करपतो. आणि शाफ्टच्या वरच्या दात्यांना ग्रीस लावताना फक्त बाजूंना लावायचं, माथ्यावर गोळा ठेवायचा नाही. माथ्यावरचं ग्रीस खोबणीत अडकून दाबलं जातं, शाफ्ट पूर्ण वर बसत नाही, आणि आपण बोल्ट आवळून तो जबरदस्तीनं बसवतो. पुढचं नुकसान पंपाच्या किमतीत भागत नाही. पाय लावल्यावर बोल्ट आवळण्याआधी तिन्ही गिअर हातानं पडतात की नाही ते बघितलं.

दारात निळ्या पिंपात पाणी भरून इंजिन सुरू केलं. धार जाड, जोरदार. काका खूश झाले. पण पिंपातली परीक्षा खरी नसते. धूर पंख्याच्या मधून त्याच पाण्यात सुटतो, पाणी फेसाळतं, तापतं, आणि भार तर नसतोच. तिथे एवढंच कळतं की पंप फिरतो आहे.

कर्लीत पुन्हा नेलं. दहाऐवजी वीस मिनिटं टिकलं आणि बंद पडलं.

वरची बाजू: मिठाचं झाकण

काका वैतागले. त्यांचं म्हणणं, एवढा खर्च करून आजार तसाच. खरं तर या निकालानं चित्र साफ झालं होतं. पाणी आता भरपूर वर जात होतं, तरी सिलिंडर तापत होता. म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. या इंजिनात मागची धार थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघते. धार दिसणं म्हणजे पाणी वर पोचलं एवढंच, सगळ्या ब्लॉकमधून फिरून बाहेर गेलं असं नाही. पंप आणि थर्मोस्टॅट हे दोन दोष एकत्र नांदत असताना आपण दोन्ही भाग एकाच दिवशी बदलले असते, तर इंजिन चाललं असतं पण कशामुळे ते कळलं नसतं.

आता त्या पांढऱ्या बोल्टांना भिडणं भाग होतं. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवून वर खारं पाणी मारत राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि मधली पांढरी भुकटी सिमेंटसारखी घट्ट होते. त्यावर घाई चालत नाही. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं हलके ठोके. मग १० नंबरच्या टी-पान्यानं आधी किंचित आवळायचं, मग सैल करायचं, पुन्हा आवळायचं. जो हलत नाही त्याच्याभोवतीचं झाकण ब्लो-लँपनं तापवायचं. त्याआधी टाकी अंगणापलीकडे, इंधनाची नळी काढलेली, कार्ब्युरेटर रिकामा केलेला. या क्रमात सवलत नाही.

एक सोडून सगळे सुटले. तो एक पुतण्याच्या हातात तुटला, आणि आवाज ऐकून काका स्वयंपाकघरातून बाहेर आले. नशिबानं झाकण निघाल्यावर बोल्टाचा थोडा तुकडा वर राहिला होता. पकडीनं तो अजून चिरडला असता, ड्रिल किंचित वाकडं गेलं असतं तर ॲल्युमिनियमचे आटे संपले असते. इथे आम्ही हात आखडता घेतला आणि गावातल्या वेल्डरला बोलावलं. त्यानं तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड मारला. वेल्डच्या उष्णतेनं भुकटीची पकड सुटली, आणि निवत आल्यावर नटासकट तुकडा फिरून बाहेर आला. पाच मिनिटांचं काम, पण ते सरावलेल्या हाताचं. वेल्डिंगआधी मी सीडीआयच्या सगळ्या पिना काढून ठेवल्या होत्या. त्या लावलेल्या राहिल्या असत्या तर वेल्डिंगच्या करंटनं ती निर्दोष डबी जळू शकली असती.

झाकणाखाली थर्मोस्टॅट होता, पण ओळखू येत नव्हता. वर मीठ आणि वाळू यांची पांढरट-करडी पपडी, आणि तिच्याखालची पाण्याची वाट अर्धी बुजलेली. तापलेलं इंजिन पाण्यातून वर उचललं की आतलं खारं पाणी उरलेल्या उष्णतेनं आटतं आणि मीठ जागेवर राहतं. दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुतलं तर ते विरघळून जातं. इथे वर्षानुवर्षं तसं झालं नव्हतं.

वाट प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडली, कोमट गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली. व्हिनेगर थोडा वेळच ठेवलं, कारण आम्ल ॲल्युमिनियमलाही खातं. थर्मोस्टॅट साफ करून दोऱ्यानं टोपातल्या पाण्यात टांगला आणि पाणी तापवलं. असल्या लहान टू-स्ट्रोक इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. हा पाणी उकळलं तरी मिटलेलाच. (टोप काकींनी परत घेतला नाही.)

“काढून टाक तो, माझ्या भावाच्या इंजिनात नाय आसा तो,” शेजाऱ्यानं सल्ला दिला. किनाऱ्यावर अनेकांनी तो काढून टाकला आहे आणि कोकणच्या कोमट समुद्रात त्यांची इंजिनं चालतात, हे खरं. आम्हीही नवा येईपर्यंत एक फेरी तसंच चालवून बघितलं, पण ते तपासणीपुरतं. इंजिन पूर्ण रेसवर पाऊण तास चाललं, हेडवर हात टेकवता येत होता. आजार कुठे होता याची खात्री झाली. कायम तसं ठेवायला मी तयार नव्हतो. जाळं ओढताना होडी तासन्‌तास मंद गतीत असते, तेव्हा जास्त गार राहिलेल्या इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, काजळी साठते. नवा थर्मोस्टॅट टोपात तपासून, नव्या गॅस्केटसह बसवला. बोल्टांच्या आट्यांना मरीन ग्रीस लावलं. ६ मिलिमीटरच्या बोल्टाला मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा लावू नये.

टाकीतलं सापडलं ते

मुख्य दोषाशी याचा संबंध नव्हता, पण सांगायला हवं. पहिल्याच दिवशी टाकीच्या तळाचं पेट्रोल मी काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी खाली वेगळा थर होता. मे महिन्यात अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर तशीच पडवीत होती. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे, आणि इथेनॉल हवेतलं पाणी धरून ठेवतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. मोटरसायकलला त्याचा त्रास होतो, पण टू-स्ट्रोक होडीला तो जास्त महागात पडतो, कारण या इंजिनाला वंगण म्हणून पेट्रोलमध्येच मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि नळी ओढते तळाचं. म्हणजे इंजिनाला जवळजवळ बिनतेलाचं इंधन. ही टाकी तशीच वापरली असती तर थर्मोस्टॅट नवा असूनही पिस्टन धरला असता.

तेलाचाही प्रश्न निघाला. काका मोटरसायकलचं टू-टी तेल घालत होते.

“ता पण तेलच मां?”

तेलच, पण हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं. त्यातल्या धातू असलेल्या रसायनांची राख सतत पूर्ण भारावर चालणाऱ्या आउटबोर्डच्या पिस्टनवर आणि प्लगवर बसते. पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठी टीसी-डब्ल्यू३ या खुणेचं बिनराखेचं तेल येतं. प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८०. काका अंदाजानं ओतत होते, आणि अंदाज सढळ होता, हे त्यातल्या त्यात बरं.

जे घरी केलं नाही

गिअरचं तेल बदलायला खालचा स्क्रू काढला, तर तेल दुधाळ आलं. पाणी शिरत होतं. पंखा काढला तर त्यामागे शाफ्टवर तंगूस (नायलॉनचा धागा) गुंडाळलेला, जाळ्यातला नव्हे, गळाचा. पर्यटकांना गळ टाकायला नेणाऱ्या होड्या सध्या तिथे बऱ्याच आहेत. तो धागा फिरत फिरत आत जातो आणि सीलची ओठं कापतो.

सील स्वतः बदलायचं का, यावर पुतण्याचं आणि माझं जमलं नाही. पुलर भाड्यानं मिळतो, व्हिडिओ आहेत, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, बेअरिंगचं घर ओढून काढताना ते तिरकं झालं तर पायाचं कास्टिंगच जातं, आणि काम बरोबर झालं हे पटवायला गिअरकेसमध्ये हवेचा दाब भरून तो टिकतो का ते बघावं लागतं. ते साधन घरी नाही. शेवटी पाय मेकॅनिककडे गेला, त्याच मेकॅनिककडे. त्यानं सील बदलून, दाब तपासून दिला. नवं ९० नंबरचं तेल मात्र पुतण्यानंच भरलं, खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे मधे हवा अडकत नाही.

आता पंखा दर आठवड्याला काढून तंगूस बघितला जातो. इंजिन घरी आलं की पिंपातल्या गोड्या पाण्यात मंद गतीत चालवलं जातं, आणि मे संपताना टाकी रिकामी करून ठेवायचं ठरलं आहे. इंपेलरचा एक जादा संच आणि स्पार्क टेस्टर होडीतल्या डब्यात असतो. सीडीआयसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून काकांनी जाळं घेतलं.